आकडा हलत नाही, म्हणजे कॅल्शियम अंगी लागत नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ५२, पाळी थांबून दोन वर्षं झाली आहेत. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून स्वतःच्या हाडांची काळजी लागून राहिली आहे. वर्षभर रोज कॅल्शियमची एक गोळी चालू आहे. बाटलीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं आहे. विसरायला नको म्हणून थायरॉइडची गोळी, पित्ताची कॅप्सूल आणि ही गोळी अशा तिन्ही सकाळी उपाशीपोटी एकदम घेतल्या जातात. दर तीन महिन्यांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ९.३, ९.४, पुन्हा ९.३. रात्री पायात गोळे येतात, नखांवर पांढरे ठिपके आहेत. मध्यंतरी टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढल्यामुळे थायरॉइडच्या गोळीचा डोसही वाढवावा लागला. “सगळे म्हणतात, तुझ्या अंगी लागत नाही. दोन गोळ्या घेऊ का? की इंजेक्शनचा कोर्स करू?”

उत्तर :

दुसरी गोळी सुरू करू नका आणि इंजेक्शनच्या वाटेला तर जाऊच नका. तुमची काळजी मात्र रास्त आहे. आईचा खुबा मोडणं आणि तुमची पाळी थांबणं, या दोन्ही गोष्टींना हाडांच्या हिशेबात खरोखर वजन आहे. फक्त त्या काळजीचं उत्तर तुम्ही ज्या आकड्यात शोधताय, तिथे ते मिळणार नाही.

रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर गोळी लागू पडली, आणि वाढलं नाही तर वाया गेली, असं तुम्ही धरून चालला आहात. खरं तर हा आकडा हलू नये यासाठीच शरीर रात्रंदिवस राबत असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक ते सव्वा किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. रक्ताच्या द्रवभागात एका वेळी जेमतेम पाव ग्रॅमभर फिरत असतं, म्हणजे तुमच्या एका गोळीत आहे त्याच्या निम्मं. पण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, रक्त गोठणं हे सगळं त्या एवढ्याशा कॅल्शियमवर अवलंबून असल्यामुळे ते ठरावीक पट्ट्यातच ठेवावं लागतं : बहुतेक प्रयोगशाळांत ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. थंडीत कुडकुडतानाही अंगाचं तापमान जवळपास तेवढंच राहतं. त्यावरून बाहेर गारठा किती आहे हे कळत नाही. तुमच्या ९.३ चंही तसंच आहे.

हा पट्टा सांभाळतात त्या थायरॉइडच्या मागे असलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी. त्यांच्या पेशींवर कॅल्शियम जोखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. रक्तातलं कॅल्शियम किंचित जरी उतरलं तरी काही मिनिटांत या ग्रंथी जास्त पॅराथॉर्मोन सोडतात. तपासणीच्या कागदावर ते पीटीएच नावानं येतं. मूत्रपिंडांतून रोज सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम गाळलं जातं आणि त्यातलं ९८ टक्के परत घेतलं जातं. पीटीएच वाढलं की हे परत घेणं आणखी काटेकोर होतं आणि त्याच वेळी फॉस्फेट मात्र लघवीवाटे बाहेर सोडलं जातं. हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. आणि मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप जास्त बनू लागतं, ज्यामुळे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम उचलतं. या शेवटच्या बदलाला वेळ लागतो, दिवसभर किंवा त्याहूनही जास्त. तोवरची तूट हाडं भरून काढतात.

उलट दिशेनंही हेच घडतं. तुम्ही दोन गोळ्या घेतल्यात तर पीटीएच थोडं उतरेल, मूत्रपिंडं जास्त कॅल्शियम लघवीत सोडतील, आतडं उचलणं कमी करेल आणि आकडा पुन्हा ९.३ च्या आसपासच येईल. कॅल्सिटोनिन नावाचं आणखी एक संप्रेरक पुस्तकांत नेहमी भेटतं, पण माणसात त्याचा वाटा फार छोटा आहे. थायरॉइड पूर्ण काढल्यावर ते जवळपास नाहीसं होतं, तरी त्याच्या अभावानं काही बिघडत नाही.

म्हणून ९.३ या आकड्यावरून एवढंच कळतं की तुमची नियमनाची यंत्रणा ठीक चालली आहे. गोळी अंगी लागली की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि हाडं भक्कम आहेत असंही ते सांगत नाही. वर्षानुवर्षं आहारात कॅल्शियम कमी असलं तरी हाच आकडा दिसू शकतो, कारण किंमत हाडं मोजत असतात. हा आकडा दर तीन महिन्यांनी पाहून समाधान मानणं किंवा धास्तावणं, दोन्ही सोडून द्या.

आकडा खरोखर पट्ट्याबाहेर गेला तर मात्र त्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. पण आधी अल्ब्युमिन पाहायचं. रक्तातलं जवळपास ४० टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं आणि काम करतं ते मोकळं असलेलं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा उगाचच कमी दिसतो. ढोबळ दुरुस्ती अशी करतात : ४ मधून तुमचं अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियमच्या आकड्यात मिळवा. अल्ब्युमिन ३ आणि कॅल्शियम ८.२ असेल तर दुरुस्त आकडा ९ येतो, म्हणजे ठीक. रक्त घेताना दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तर आकडा खोटा वाढतो. किंचित वाढलेला एकच अहवाल पाहून घाबरण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्यावी ती यासाठी.

आता खरी अडचण. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते एक साधं वाक्य : तिन्ही औषधं सकाळी उपाशीपोटी एकदम.

कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं. पित्ताची कॅप्सूल, म्हणजे बहुधा ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलच्या गटातली, जठरातलं आम्लच कमी करते. त्यात पोट रिकामं. कार्बोनेट घेण्याची याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. जठरात आम्ल जवळपास नसलेल्या लोकांतही हीच गोळी जेवणासोबत दिली तर बऱ्यापैकी शोषली जाते, असं दिसून आलेलं आहे. तेव्हा “अंगी लागत नाही” ही तुमची शंका काही अंशी खरी असू शकते, पण तिचा इलाज गोळ्या वाढवणं नसून वेळ बदलणं हा आहे. दुसरा मार्ग म्हणजे कॅल्शियम सायट्रेट. त्याला आम्लाची गरज नसते, ते जेवणासोबत किंवा जेवणाशिवायही चालतं आणि कार्बोनेटनं ज्यांना गॅस किंवा बद्धकोष्ठ होतो त्यांना ते बरं पडतं. तोटा एवढाच की त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम कमी असतं. कार्बोनेटच्या वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटच्या २१ टक्के. तुमच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत कॅल्शियम आहे ५०० मिलिग्रॅम. लेबलवर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ असं लिहिलेला आकडा शोधायचा आणि सगळे हिशेब त्यावरूनच करायचे. तुम्हाला दीर्घकाळ पित्ताची कॅप्सूल घ्यावीच लागणार असेल तर सायट्रेटबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि ती कॅप्सूल अजून लागते का, हेही विचारा. ती मनानं मात्र थांबवू नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कॅल्शियम आतड्यात थायरॉइडच्या गोळीला, म्हणजे लिव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतं आणि तिचं शोषण घटवतं. दोन्हींमध्ये किमान ४ तासांचं अंतर हवं. तुमचा टीएसएच वाढला, डोस वाढवावा लागला, यामागे हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे. पित्ताची कॅप्सूलही त्यात थोडी भर घालते. आणि थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की काय होतं? स्नायू दुखतात, गोळे येतात. पायातल्या ज्या गोळ्यांसाठी तुम्ही कॅल्शियम वाढवायला निघाला आहात, ते गोळे कॅल्शियम चुकीच्या वेळी घेतल्यामुळेच वाढलेले असू शकतात. खात्रीनं सांगता येणार नाही, पण हे आधी दुरुस्त करून पाहायला हवं.

वेळापत्रक असं ठेवा. उठल्यावर फक्त थायरॉइडची गोळी, साध्या पाण्यासोबत. अर्ध्या तासानं पित्ताची कॅप्सूल आणि त्यानंतर आणखी अर्ध्या तासानं नाश्ता. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाची गोळी चालू असेल तर ती कॅल्शियमसोबत नको, आणि तिच्यात व थायरॉइडच्या गोळीतही ४ तास जाऊ द्यावेत. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन गटातली प्रतिजैविकं कधी घ्यावी लागली, तर त्या दिवसांत कॅल्शियम किती अंतरानं घ्यायचं हे औषध देणाऱ्याला विचारून घ्या. कॅल्शियममुळे त्यांचंही शोषण घटतं.

दोन गोळ्यांचा विचार आणखी एका कारणानं टिकत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आद्यांत्रात, कॅल्शियम पेशींमधून ओढून घेतलं जातं आणि ते वाहून नेणारी प्रथिनं ड जीवनसत्त्वाच्या हुकमानं बनतात. या मार्गाची क्षमता ठरलेली असते. पुढच्या आतड्यात पेशींच्या फटींतून थोडं आपोआप झिरपतं. प्रौढ माणूस अन्नातलं साधारण २५ ते ३५ टक्के कॅल्शियम शोषतो, आणि एका वेळी जितकं जास्त घ्याल तितकी ही टक्केवारी घसरते. म्हणून एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम गोळीतून घेऊ नये. खरोखरच १००० लागलं तर दोन जेवणांत विभागून घ्यायचं.

पण ते लागतं का? याचं उत्तर तुमच्या ताटात आहे. बऱ्याच देशांच्या शिफारशींत प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी १२०० असा आकडा आहे. ब्रिटनसारख्या काही ठिकाणी तो प्रौढांसाठी ७०० वर ठेवला आहे. हा आकडा अन्न आणि गोळी मिळून आहे. नुसत्या गोळीतून तो गाठायचा नाही. तीन दिवस लिहून काढा. २५० मिलिलिटर दुधातून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम दह्यातून १२० ते १५०, आणि धान्यं, डाळी, भाज्या, फळं अशा बाकीच्या आहारातून बहुधा २०० ते ३००. तुम्ही रोज पेलाभर दूध आणि २०० ग्रॅम दही घेत असाल तर ८०० च्या आसपास पोचलातच. मग राहिलेल्या तुटीला एक गोळीही थोडी जास्तच होते. दूध-दही अजिबात नसेल तर एक गोळी योग्य, आणि उरलेलं अन्नातून जमवायला पाहिजे. ५० वर्षांपुढे एकूण २००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकी शिफारशींत दिलेली आहे.

पालकाबद्दल एक सूचना, कारण दूध न घेणाऱ्या अनेकांची भिस्त त्यावर असते. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते बांधलेलं राहतं आणि जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. कोबी, ब्रोकोली अशा कमी ऑक्झलेटच्या भाज्यांतलं कॅल्शियम दुधाइतकंच किंवा थोडं जास्तही शोषलं जातं, पण तेवढं भरायला भाजी बरीच खावी लागते. तीळ अख्खे असतील तर मोठ्या चमचाभरात ८० ते ९० मिलिग्रॅम असतं, मात्र त्यातलं बरंचसं ऑक्झलेटच्याच रूपात सालीत असतं. कागदावरच्या आकड्यावर हुरळून जाऊ नका.

मिठाकडेही पाहा. मूत्रपिंडात सोडियमच्या मागोमाग कॅल्शियम जातं. दिवसाला जादा ६ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर लघवीतून साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्तीचं जातं. आकडा छोटा वाटेल, पण शोषण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचंच असल्यामुळे ते भरून काढायला १२० ते १६० मिलिग्रॅम जास्त खावं लागतं. कॉफीची भीती मात्र अवास्तव आहे. एका कपामागे दोन-तीन मिलिग्रॅम जातात, घोटभर दुधात भरून निघतात.

तपासण्या करायच्याच असतील तर एकदाच नीट करा. ड जीवनसत्त्वासाठी २५-हायड्रॉक्सी ही तपासणी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी तपासणी चुकून सांगितली किंवा केली जाते, ती इथे उपयोगाची नाही, कारण ड कमी असताना वाढलेलं पीटीएच तिचा आकडा टिकवून किंवा चढवून धरतं आणि कमतरता झाकली जाते. सोबत कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या उलाढालीचा अंदाज देणारं) आणि पीटीएच, सगळं एकाच वेळी घेतलेल्या रक्तावर. पित्ताची कॅप्सूल दीर्घकाळ चालू आहे म्हणून मॅग्नेशियमही, कारण या गटामुळे ते उतरू शकतं आणि त्यानंही गोळे येतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर प्रयोगशाळेला आधी सांगा. त्यानं पीटीएच आणि टीएसएच दोन्हींचे अहवाल चुकू शकतात, म्हणून काही दिवस आधी ते थांबवावं लागतं.

हे अहवाल एकत्रच वाचायचे. कॅल्शियम ठीक, पीटीएच वाढलेलं आणि ड कमी असेल, तर यंत्रणा ओढाताण करून आकडा टिकवते आहे. हीच ती स्थिती, जिच्यात हाडं झिजत असतात आणि ९.३ गप्प असतो. ड भरून काढलं की पीटीएच सहसा खाली येतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पीटीएच वाढण्याचं कारण मूत्रपिंडात शोधावं लागतं. कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वाढलेले असतील, किंवा कॅल्शियम वाढलेलं असूनही पीटीएच दबलेलं नसेल, तर बहुधा पॅराथायरॉइडची एखादी ग्रंथी मनमानी करते आहे. तिथे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडेच जायचं. कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी असेल तर मॅग्नेशियम पाहायचं. ते फार उतरलं तर ग्रंथी नीट स्रवत नाहीत, आणि मॅग्नेशियम भरल्याशिवाय कितीही कॅल्शियम दिलं तरी फरक पडत नाही.

ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर बहुतेक तज्ज्ञ ते कमी मानतात. भरून काढण्याचा डोस डॉक्टर ठरवतील. आठवड्यातून एकदा घ्यायचा मोठा डोस चुकून रोज घेतला जाणं, ही नेहमी घडणारी चूक आहे. ड चरबीत साठतं, लवकर उतरत नाही, आणि अशा वेळी कॅल्शियम खरोखर चढतं : सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी. अशी लक्षणं दिसली तर ड आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

आता आईच्या खुब्याकडे येऊ. तुमच्या हाडांबद्दल खरं उत्तर देणारी तपासणी डेक्सा ही आहे, कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजणारी. पाळी थांबलेली आणि आईचा खुबा मोडलेला, एवढ्यावर ती करावी का हे डॉक्टरांना विचारायला हवंच. टी-स्कोअर (तरुण, निरोगी प्रौढांच्या सरासरीशी तुमच्या घनतेची तुलना) उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता घटलेली, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. पाळी थांबल्यावरची पहिली काही वर्षं हाडं सर्वांत वेगानं झिजतात, आणि त्याचं कारण इस्ट्रोजेन जाणं हे आहे. ती झीज नुसत्या कॅल्शियमनं थांबत नाही. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात पाळी थांबलेल्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व सुमारे सात वर्षं दिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सगळ्या गटाचा विचार करता खुबा मोडण्याचं प्रमाण ठामपणे म्हणता येईल इतकं घटलेलं नव्हतं, मुतखडे मात्र १७ टक्के जास्त झाले होते. तेव्हा डेक्सात हाडं ठिसूळ निघाली तर औषधोपचार वेगळा लागेल, आणि कॅल्शियम त्याला आधार म्हणून लागेल. सोबत वजन पेलणारा व्यायाम आणि आहारात पुरेशी प्रथिनं.

मुतखड्याचं नाव काढलं म्हणून, ज्यांना तो होऊन गेलाय त्यांच्यासाठी : दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते शौचावाटे जातं. आहारातलं कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेट मोकळं शोषलं जातं आणि खड्यांचा धोका वाढतो. गोळी लागलीच तर जेवणासोबतच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र कॅल्शियम आणि ड दोन्ही स्वतःहून सुरूच करू नयेत.

नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमचे नाहीत. नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ दाबाच्या किंवा माराच्या त्या खुणा असतात आणि नख वाढेल तशा पुढे सरकतात. इंजेक्शनचं म्हणाल, तर शिरेतून कॅल्शियम देतात ते रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरल्यावर, रुग्णालयात, हृदयावर लक्ष ठेवून. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, हात आखडून वाकडे होणं, झटके, ही कॅल्शियम असं उतरल्याची लक्षणं. विशेषतः थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ती दिसताच वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हाडांचा साठा वाढवायला या इंजेक्शनचा काही उपयोग नाही.

नवं वेळापत्रक ज्या दिवशी सुरू कराल ती तारीख लिहून ठेवा आणि त्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा. थायरॉइडची गोळी आता जास्त शोषली जाईल आणि वाढवलेला डोस जास्त ठरू शकेल. तसं झालं तर हाडांची झीज उलट वाढते. मधल्या काळात छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं काही झालं तर ६ आठवड्यांची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, आणि कळवताना कॅल्शियमची वेळ बदलल्याचं आवर्जून सांगा.